कारखाना नसला तरी यंत्र घडविता येते

केळना नदीच्या काठी वसलेले जालना जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन काळचे भोगवर्धन होय. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे रहिवासी होते, असे तेथील शिलालेख सांगतात. १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष, नाना प्रकारचे मणी आणि हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती हाती आली. इटलीतील पॉम्पेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. त्याच्या अवशेषांत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी भोकरदनच्या मूर्तीचे साम्य पाहून ती याच परिसरातील कारागिरांच्या हातची असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते मत अखेरपर्यंत टिको वा न टिको, एके काळी हे वस्तू घडविणाऱ्यांचे गाव होते एवढे निश्चित.

आज ह्याच गावातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खिशात जो दूरध्वनी असतो, त्याच्या अंतरंगातील नखाएवढ्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर बसविलेले असतात. तो विद्यार्थी ते यंत्र मोठ्या सफाईने चालवितो. पण ते घडते कसे, आणि आपल्यालाही त्यातले काही घडविता येईल काय, हा प्रश्न त्याला सहसा कोणी विचारीत नाही. संगणक शिकणे म्हणजे संगणक चालवावयास शिकणे, असा अर्थ आपल्याकडे रूढ होऊन बसला आहे. चिप घडविणे हे तैवान, कोरिया आणि अमेरिका यांचे काम, अब्जावधी रुपयांच्या कारखान्यांचे काम, तेथे तालुक्याच्या गावाचा संबंध काय, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे का खरे नाही, ते संगणक-रचनेच्या एका शाखेकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. ती शाखा म्हणजे पुनर्रचनीय तर्कमंडलांचे संशोधन.

ठसा आणि खिळे

संगणकाकडून एखादे काम करून घेण्याचे आजवर दोन मार्ग होते. पहिला मार्ग, त्या कामापुरते खास मंडल तयार करून ते चिपवर कायमचे कोरून टाकणे. अशी चिप आपले ठराविक काम अत्यंत वेगाने आणि थोड्या विजेत करते, परंतु दुसरे काम तिला सांगता येत नाही आणि तीत चूक राहिली तर ती दुरुस्तही करता येत नाही. दुसरा मार्ग सर्वसाधारण प्रोसेसरचा. तो एखाद्या चलाख कारकुनासारखा असतो. दप्तरखान्यातून एकेक कागद मागवायचा, त्यावर सांगितलेली कृती करायची, कागद परत पाठवायचा आणि पुढचा मागवायचा. त्याला कोणतेही काम सांगता येते, पण कागदांच्या ह्या येरझाऱ्यांतच त्याचा पुष्कळसा वेळ खर्च होतो.

पुनर्रचनीय तर्कमंडल हा ह्या दोहोंमधला तिसरा मार्ग आहे. ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांना तो चटकन समजेल. लाकडात संपूर्ण पान कोरून तयार केलेला ठसा ते एकच पान छापतो. सुट्या खिळ्यांचे तसे नाही. आज जुळविलेले पान उद्या सोडविता येते आणि त्याच खिळ्यांतून निराळे पान उभे करता येते. ज्या चिपवरील मंडल, चिप कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही, पुनःपुन्हा जुळविता आणि सोडविता येते, तिला ‘फील्ड प्रोग्रॅमेबल गेट ॲरे’ अथवा संक्षेपाने एफपीजीए म्हणतात.

तिची अंतर्रचना फारशी गूढ नाही. कार्यालयातील लिपिकाला रेडी रेकनर परिचित असतो. व्याज काढावयाचे असले म्हणजे तो गणित करीत बसत नाही, रकमेच्या ओळीत आणि दराच्या स्तंभात पाहून तयार उत्तर घेतो. एफपीजीएवर अशी हजारो छोटी कोष्टके असतात. समजा, एका कोष्टकाकडे चार तारा येतात आणि प्रत्येकीवर शून्य किंवा एक असा संकेत असतो. त्यांच्या एकूण १६ जुळण्या संभवतात. त्या १६ जुळण्यांपुढे कोणती उत्तरे लिहावयाची, हे रचनाकार ठरवितो. ही उत्तरे ६५,५३६ प्रकारे लिहिता येतात, म्हणजे एकाच कोष्टकातून तितकी निरनिराळी तर्ककार्ये साधतात. कोष्टकांच्या अवतीभवती तारांचे जाळे असते, आणि रेल्वेचे सांधे बदलून गाडी हव्या त्या रुळावर घ्यावी, तसे ह्या जाळ्यातील सांधे बदलून एका कोष्टकाचे उत्तर हव्या त्या दुसऱ्या कोष्टकाकडे नेता येते. कोष्टकांतील उत्तरे आणि सांध्यांच्या स्थिती मिळून आकड्यांची एक लांबलचक यादी होते. ती यादी चिपमध्ये भरली, की त्या क्षणापासून ती चिप म्हणजे ते विशिष्ट मंडल होऊन बसते. दुसरी यादी भरली, की दुसरे मंडल.

कल्पना आधी, साधन मागाहून

ह्या विचाराचा उगम १९६० सालचा आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जेराल्ड एस्ट्रिन यांनी त्या वर्षी एका परिषदेत ‘स्थिर आणि परिवर्तनीय रचनेचा संगणक’ ही कल्पना मांडली. संगणकाचा एक भाग नेहमीसारखा स्थिर असावा आणि दुसरा भाग हाती घेतलेल्या गणितानुसार आपली रचना बदलणारा असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. योगायोग असा, की त्याच १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी घडविलेला पूर्ण आकाराचा संगणक कार्यान्वित झाला. पुढे त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्याच्या स्मरणकोशात अवघे २०४८ शब्द मावत असत. संगणक म्हणजे काय हे पुरते ठरलेले नसतानाच्या त्या काळात आपली माणसे यंत्र विकत आणण्याआधी ते घडवून पाहत होती, ही गोष्ट विसरता कामा नये.

एस्ट्रिन यांच्या कल्पनेला साजेसे साधन मिळावयास पंचवीस वर्षे जावी लागली. १९८४ साली स्थापन झालेल्या झायलिंक्स ह्या कंपनीने १९८५ साली पहिली व्यापारी एफपीजीए बाजारात आणली. तिच्यामागील मुख्य कल्पना कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रॉस फ्रीमन यांची होती. तिच्यावर तर्काची केवळ ६४ घरे होती. ट्रान्झिस्टर ही त्या वेळी जपून वापरावयाची वस्तू होती, आणि हा गृहस्थ ते रचना बदलण्याच्या सोयीवर उधळू पाहतो, असा आक्षेप तेव्हा सहज घेता येण्याजोगा होता. ट्रान्झिस्टर दिवसेंदिवस स्वस्त होत जाणार, हे फ्रीमन यांनी ओळखले होते. १९८९ साली ते निवर्तले, पण त्यांचे अनुमान खरे ठरले. आजच्या मोठ्या एफपीजीएवरील घरांची संख्या लाखांत मोजावी लागते.

खोडदचा धडा

ह्या संशोधनाचे मोल काय, ते पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात ती उभारली गेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. सर्व तबकड्या मिळून एकच प्रचंड दुर्बीण व्हावी, ह्यासाठी प्रत्येक तबकडीचा संकेत इतर प्रत्येक तबकडीच्या संकेताशी क्षणोक्षणी ताडून पाहावा लागतो. तिसांच्या अशा जोड्या ४३५ होतात. दुर्बिणीचा खरा प्राण तबकड्यांइतकाच ह्या ताडणीच्या गणितात आहे.

हे गणित करणारी यंत्रणा खोडदला दोन वेळा बदलली, आणि तिच्या तीन अवस्थांत संगणक-रचनेचा इतिहासच सामावला आहे. पहिल्या यंत्रणेचा गाभा होता त्याच कामासाठी अमेरिकेत तयार झालेल्या खास चिपांचा. म्हणजे तो कोरलेला ठसा होता. काम चोख होत असे, पण यंत्रणा ३२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यापुरती बांधलेली होती आणि तिच्यात नवे काही घालणे दुष्कर होते. दुसऱ्या अवस्थेत, २०१० च्या सुमारास, बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांचा जथा जोडून तेच गणित सॉफ्टवेअरने करण्यात आले. त्यामुळे लवचीकता आली. तथापि पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावण्याचे ठरले, तेव्हा तीही अपुरी पडली. तीस तबकड्यांचे प्रत्येकी दोन असे साठ संकेत आणि प्रत्येक संकेताचे सेकंदाला ८० कोटी नमुने, म्हणजे दर सेकंदाला ४,८०० कोटी आकडे! एकेक कागद मागविणाऱ्या कारकुनाच्या आवाक्यातले हे काम नव्हे.

म्हणून तिसऱ्या अवस्थेत कामाची वाटणी झाली. संकेताचे अंकांत रूपांतर होताच ते अंक हाती घेऊन, त्यांची पुडकी बांधून वेगाने पुढे धाडण्याचे काम एफपीजीएकडे गेले, आणि गणिताचा अवजड भाग जीपीयूकडे, म्हणजे मूळ चित्रांकनासाठी तयार झालेल्या प्रोसेसरकडे आला. ज्या पत्रिकांवर ह्या एफपीजीए बसविल्या आहेत, त्यांचा आराखडा कोणा एका कंपनीचा राखीव नाही. बर्कलेचे विद्यापीठ, दक्षिण आफ्रिकेचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आणि इतर सहकारी यांनी तो मिळून तयार केला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. तबकड्या जुन्याच राहिल्या, तरी २०१७ पर्यंत ह्या नव्या यंत्रणेमुळे दुर्बिणीला नवी दृष्टी लाभली. जून २०२३ मध्ये विश्वात मंदगतीने दुमदुमणाऱ्या गुरुत्वीय तरंगांचा पुरावा जगातील अनेक गटांनी मांडला, त्यात खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता.

ह्याहूनही बोलका दाखला विजेच्या तारांचा आहे. उच्च दाबाच्या वाहिन्यांवर ठिणग्या उडतात आणि त्यांचा कडकडाट तबकड्यांना ऐकू येतो. कोट्यवधी प्रकाशवर्षे ओलांडून आलेला क्षीण संकेत त्या गोंगाटात बुडून जातो. ग्रामीण महाराष्ट्रातील वीजवाहिन्यांचा हा प्रश्न अमेरिकेतून आणलेल्या तयार चिपेत सोडविलेला असणे शक्यच नव्हते. तेथील अभियंत्यांनी ह्या ठिणग्या ओळखून त्या जागच्या जागी गाळून टाकणारे मंडल स्वतः रचले आणि ते एफपीजीएमध्ये भरले. त्यासाठी कारखान्याकडून नवी चिप करून घ्यावी लागली नाही. आपला प्रश्न आपल्याच मंडलाने सोडविता आला, हा खोडदचा धडा होय.

मर्यादांचे भान

अर्थात ह्या साधनाची भलावण करताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. रचना बदलण्याची सोय फुकट मिळत नाही. टोरोंटो विद्यापीठातील इयान कुऑन आणि जोनाथन रोझ यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, निव्वळ तर्काचे तेच मंडल कोरीव चिपेऐवजी एफपीजीएवर उभारले, तर त्याला सरासरीने ३५ पट जागा आणि १४ पट वीज लागते, आणि त्याचा वेग तीन-चार पटींनी घटतो. लाखो नग विकावयाचे असतील तेथे कोरीव चिपच परवडते. शिवाय एफपीजीएसाठी मंडल लिहिणे हे नेहमीच्या प्रोग्रॅमिंगपेक्षा निराळे कौशल्य आहे. तेथे आज्ञा एकापुढे एक अशा चालत नाहीत, हजारो क्रिया एकाच वेळी घडतात, आणि त्या मनात धरून विचार करण्याची सवय सावकाश लागते.

तरीही संगणक-रचनेतील तिचे स्थान वाढतच गेले आहे. ट्रान्झिस्टर लहान करून प्रोसेसरचा वेग आपोआप वाढविण्याचे दिवस २००५ च्या आसपास सरले. तेव्हापासून एकाच कारकुनाला अधिक पळविण्याऐवजी कामाला साजेशी रचना शोधणे, हाच प्रगतीचा मार्ग उरला. मायक्रोसॉफ्टने आपल्या शोधसेवेच्या १,६३२ संगणकांत एफपीजीए बसवून पाहिल्या, आणि पृष्ठांची क्रमवारी लावण्याची त्यांची क्षमता ९५ टक्क्यांनी वाढल्याचे २०१४ साली जाहीर केले. पुढे इंटेलने अल्टेरा आणि २०२२ मध्ये एएमडीने झायलिंक्स ही एफपीजीए कंपनी विकत घेतली. प्रोसेसरच्या क्षेत्रातील दोन्ही बड्या धेंडांना ह्या विद्येची गरज भासली, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे. पुण्याच्या सी-डॅकनेही आपल्या परम महासंगणकांच्या मालिकेत पुनर्रचनीय पत्रिकांवर काम केले आहे. आणि एखादी चिप शेवटी कोरावयाची असली तरी तिचा आराखडा आधी एफपीजीएवर उतरवून तपासून पाहण्याची प्रथा आता सार्वत्रिक आहे. मुंबईच्या आयआयटीत रचला गेलेला ‘अजित’ हा प्रोसेसर, मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ ही आपल्याकडील रचनाकार काय करू शकतात, ह्याची उदाहरणे होत.

टेबलावरची प्रयोगशाळा

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. गुजरातमधील धोलेरा येथे उभारावयाच्या चिप कारखान्याचा अंदाजित खर्च ९१,००० कोटी रुपये आहे. तसा कारखाना भोकरदनला व्हावा, असे कोणी म्हणणार नाही. पण चिपच्या व्यवहारात कारखाना हा एक भाग आहे आणि रचना हा दुसरा. ह्या दुसऱ्या भागाला लागते एक टेबल, एक साधा संगणक, काही हजार रुपयांची एफपीजीएची शैक्षणिक पत्रिका आणि शिकविणारा शिक्षक. २०१५ साली आइसस्टॉर्म ह्या प्रकल्पाने काही लहान एफपीजीएसाठी संपूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिल्यापासून महागड्या परवान्यांची अडचणही पुष्कळशी दूर झाली आहे.

ह्या चार गोष्टींपैकी पहिल्या तीन पैशाने मिळतात, आणि तो पैसा एखाद्या शाळेच्या संगणककक्षाच्या खर्चाहून अधिक नाही. चौथी मात्र पैशाने लगेच मिळत नाही. चिपरचना जाणणारे ८५,००० अभियंते तयार करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने जाहीर केले आहे. ते उद्दिष्ट स्तुत्य आहे. परंतु ते केवळ आयआयटी आणि मोठ्या शहरांतील महाविद्यालये यांच्या भरवशावर गाठावयाचे ठरविले, तर मराठवाड्यातील मुलगा पुन्हा वापरणाऱ्यांच्याच रांगेत उभा राहील. जालन्याला शासकीय तंत्रनिकेतन आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विद्यापीठ आहे. ह्या संस्थांनी तालुक्याच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या आणि संगणकाच्या शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर हे काम हाताने करावयास शिकविले, प्रत्येकाबरोबर दहा-वीस पत्रिका दिल्या आणि तर्कमंडलांची एक सोपी मराठी पुस्तिका तयार केली, तर प्रारंभास तेवढे पुरे आहे. राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या निमित्ताने खोडदला ग्रामीण विद्यार्थ्यांची विज्ञान प्रदर्शने भरत आली आहेत. तेथे भोकरदनच्या विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेले मंडल घेऊन जावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

ते मंडल कशाचे असावे, हेही दूर शोधावयास नको. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात येणाऱ्या मिरचीची छायाचित्रावरून प्रतवारी करता येईल काय? विहिरीवरील मोटारीला येणाऱ्या विजेचा दाब घसरताच क्षणार्धात ती बंद करता येईल काय? ह्यांपैकी काही कामे साध्या नियंत्रकानेही होतील, काहींना एफपीजीएचा वेग लागेल. कोणत्या कामाला कोणती रचना योग्य, हे करून पाहून ठरविणे म्हणजेच संगणक-रचनेचे शिक्षण. खोडदच्या अभियंत्यांनी तीन यंत्रणा वापरून जे जाणले, तेच लहान प्रमाणावर बाकावर बसून जाणता येईल.

ह्यावर असे विचारले जाईल, की चिप परदेशी, तिचे तंत्र परदेशी, मग आपले असे त्यात काय राहिले? आक्षेप अगदीच पोकळ नाही. चिपनिर्मितीत देश परावलंबी आहे, आणि रचनेच्या शिक्षणाने ते परावलंबन एका रात्रीत नाहीसे होणार नाही. पण भोकरदनच्या त्या हस्तिदंती मूर्तीचा दात कोणत्या रानातून आला, हे आज कोणी विचारीत नाही. तिच्यावर कारागिराचा हात कोणत्या गावचा होता, हे मात्र दोन हजार वर्षांनीही विचारले जाते. दुसऱ्याने केलेल्या चिपेवर आपले मंडल आपण जुळवावयाचे, हा त्या कारागिरीकडे परतण्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तो तालुक्याच्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचविणे अथवा न पोहोचविणे, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.